तिसरा हिस्सा मागचा

साळवीनाना एक वाक्य संपवून दुसरं सुरू करत नाहीत. पहिल्या वाक्याचं शेपूट धरून ते दुसऱ्यात शिरतात. "सकाळी बंदरावर गेलो. बंदरावर गेलो तर सुरमई न्हाय. सुरमई न्हाय म्हणून बांगडे घेतले. बांगडे घेतले ते बघ, कसे ताजे हायत." गोष्ट चार बांगड्यांची, पण ऐकणारा त्यांच्याबरोबर बंदरापासून घरापर्यंत चालून येतो, तोही दर पावलाला अर्धं पाऊल मागं टाकत.

आमच्या आळीला याची सवय झाली आहे. एस.टी.च्या कंडक्टरला झालेली नाही. नाना मुलीच्या गावी, तळ्याला, निघाले की तो "कुठं?" विचारतो, आणि मुलगी, जावई, नातवाचा ताप असं सगळं एकमेकांत अडकवत नाना तिकिटापर्यंत येतात, तोवर गाडीने गाव सोडलेलं असतं. मागच्या सीटवरचा कोणीतरी ओरडतो, "नाना, गिअर टाका." नाना हसतात. रागावलेलं मी त्यांना एकदाच पाहिलं, आणि त्या रागाचा मानकरी मीच होतो. ती हकीकत पुढे येईलच. माझ्या बहुतेक हकीकतींत मी असाच कुठेतरी माती खाताना सापडतो.

नाना पाणीपुरवठ्यात फिटर होते. सगळी नोकरी रस्त्याच्या खाली काय आहे हे बघण्यात गेली, त्यामुळे रस्त्याच्या वर काय आहे याच्याशी त्यांचा फारसा संबंध उरला नाही. चालताना नजर खाली. हातात छत्री, बारा महिने. ती उघडलेली कोणी पाहिलेली नाही. छत्रीच्या टोकाने ते गटार झाकणाऱ्या दगडी ढाप्यांवर ठोकतात, मान वाकडी करून आवाज ऐकतात, आणि डॉक्टरने छातीवरून नळी काढावी तसे सरळ होऊन पुढे जातात. माणसंही ते पाइपवरून ओळखतात. माझी ओळख त्यांनी एका पाहुण्याला करून दिली होती ती अशी: "हा पक्या. पक्या म्हणजे अर्ध्या इंची लायनीवरचा. अर्ध्या इंची लायन, पण दाब चांगला." फोटोग्राफर म्हणून माझं अख्ख्या तालुक्यात नाव आहे असा माझा समज होता. तो तिथं थोडा गळला.

दोन वर्षांपूर्वी नाना एकदा माझ्या स्टुडिओत आले. टेबलावर एका लग्नाचा फोटो पडला होता: मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अख्खं वऱ्हाड एका रांगेत. नानांनी तो उचलला, नाकाजवळ नेला.

"हा एकच फोटो हाय?"

"सात आहेत नाना. जोडलेत."

"सात जोडलेत. जोडलेत ते कळत कसे न्हायत?"

मला शिकवायला आवडतं. मी त्यांना बसवलं आणि सांगितलं, की पहिला फोटो जिथं संपतो तिथून दुसरा सुरू करायचा नाही. पहिल्याचा तिसरा हिस्सा दुसऱ्यात परत यायला हवा. मग कॉम्प्युटर त्या सारख्या भागाला सारखा भाग चिकटवतो. नानांनी हे लिहून घेतलं नाही, मान डोलावली नाही, परत विचारलंही नाही. जुनी ओळख पटावी तसे म्हणाले, "म्हणजे थोडं मागचं घ्यायचं, मग पुढं जायचं. होय ना? ते येतं मला."

पुढच्या महिन्यात त्यांनी रस्त्याखालच्या जुन्या मोरीच्या आत मोबाइल घातला.

गटारात माणूस उतरवायचा नाही, हा नानांचा नोकरीतला हट्ट होता. आता त्यांना त्यावर तोड मिळाली. त्यांनी एका पाटाला बेअरिंगची चार चाकं लावली. पाटावर आडवा मोबाइल, दोन बाजूंना दोन टॉर्च. मोबाइल दर दहा सेकंदांनी आपण होऊन फोटो काढणार. पाटाला नायलॉनची दोरी, बंदरावरच्या एका होडीच्या तांडेलाकडून आणलेली, आणि दोरीला हातहातभर अंतरावर गाठी. एका चेंबरपासून पुढच्या चेंबरपर्यंत बांबूने दोरी सरकवायची, मग तिकडच्या टोकाला पालथं पडून दहा आकडे मोजायचे आणि एक गाठ ओढायची. पुन्हा दहा, पुन्हा गाठ. जितवी गाठ तितवा फोटो. फोटोत काही दिसलं तर वर रस्त्यावर बरोब्बर कुठं खणायचं ते गाठ सांगणार.

फोटो जोडायचं काम माझं. ते मी 'आपलं तंत्र' म्हणून गावभर सांगत होतो. वर हेही सांगत होतो, की नानांना मी फोटोचा नियम शिकवला आणि तो त्यांच्या जिभेवर जाऊन बसला. बोलतानाही आता ते तिसरा हिस्सा मागचा घेतात. लोकांना हे फार पटायचं. नाना त्याआधी कसे बोलत, हे मला आठवत नव्हतं, आणि आठवून बघावं असं वाटलंही नाही. गोष्ट चांगली जमली की मी तपशिलाच्या नादी लागत नाही.

गेल्या वर्षी आळीतल्या एका हळदीला माझ्या हातात माइक आला. माझ्या हातात माइक देणारे पुढे बहुधा पस्तावतात. मी नानांची नक्कल केली. "बंदरावर गेलो. बंदरावर गेलो तर सुरमई न्हाय. सुरमई न्हाय म्हणून..." इथं मी थांबलो, कारण मांडव हसत होता. पुढच्या खुर्चीवर साळवीकाकू बसल्या होत्या, नानांच्या बायको. त्यांना त्याच्या आदल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला होता, उजवा हात मांडीवर पडलेला असे, आणि एके काळी आळीतली सगळी भांडणं मिटवणारी ही बाई आता बोलत नसे. त्या काकू हळूच म्हणाल्या, "बांगडे."

मी वाकून सलाम केला. कलावंताला आणखी काय हवं? तेवढ्यात नाना गर्दीतून पुढे आले, माझा माइकचा हात धरला आणि म्हणाले, "परत बोल. तेच परत बोल." मला वाटलं, वन्समोअर. मी मुद्दाम वेगळं केलं, कंडक्टरचा प्रसंग घातला. नाना दोन मिनिटं ऐकत उभे राहिले आणि मग काकूंना घेऊन घरी गेले.

आता या वर्षीच्या गटाराची गोष्ट.

आमच्या आळीखालून एक जुनं जांभ्या दगडाचं गटार खाडीला जातं. गेल्या पावसात त्याचं पाणी दोन-तीन घरांत शिरलं. उन्हाळ्यात कचेरीतून नवे साहेब आले, पाहणी झाली आणि ठरलं, की अख्खी आळी बाजारपेठेपासून खाडीपर्यंत उघडायची, सगळे ढापे काढायचे आणि सिमेंटचे पाइप टाकायचे. किती दिवस? साहेब म्हणाले, दोन महिने. म्हणजे मध्ये पाऊस धरून दिवाळी, हे आळीला न सांगता कळलं. कोणाचा ओटा जाणार होता, कोणाची रिक्षा अडकणार होती. आरडाओरडा झाला. नाना आरडाओरडा करत नाहीत. ते साहेबांसमोर उभे राहून म्हणाले, "दोष एका जागी हाय. एका जागी हाय तर एका जागीच खणा."

"कुठल्या जागी?"

"ते बघून सांगतो."

"सोमवारी बैठक आहे," साहेब म्हणाले. "दाखवलंत तर तेवढंच खणू. नाही तर मंगळवारपासून अख्खी आळी."

शनिवारी नानांनी फोटो काढले. दोनशेच्या आसपास. रविवारी ते फोटो माझ्या कॉम्प्युटरवर आले. कॉम्प्युटरला जांभ्याचे सगळे चिरे सारखेच वाटतात, मला लग्नात सगळे व्याही वाटतात तसे. त्यामुळे एकेक फोटो हाताने जोडावा लागत होता. बाहेर ऊन, डोक्यावर पंखा, आणि माझ्या अंगात बावीस वर्षांची लग्नं.

ती कशी अंगात असतात ते सांगतो. फोटो समोर आला की माझं बोट आपोआप डाग शोधतं. मुरूम दिसला, पुसला. डोळ्याखालचं काळं, पुसलं. गालावर आलेली केसाची बट, पुसली. यात माझं डोकं कुठंच नसतं. त्या दुपारी एका चिऱ्यावर बारीक बारीक केस दिसले. त्यांच्या मागं एक काळी रेघ. माझ्या बोटाने केस पुसले, रेघ बुजवली, शेजारच्या चिऱ्याची छान गुळगुळीत कातडी आणून तिथं लावली. जोडलेल्या फोटोंची लांब पट्टी छापली. जागा होत नव्हती म्हणून कॉम्प्युटरवरचे मूळ फोटो उडवले, आणि मोबाइलमधलेही, कारण मोबाइल माझा होता आणि त्यावर संध्याकाळी मला एका बारशाचा व्हिडिओ घ्यायचा होता.

सोमवारी कचेरीच्या पॅसेजमध्ये आम्ही पट्टी उलगडली. साहेब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिच्या कडेने चालत गेले.

"नाना, तुमचं गटार तर नव्या नवरीसारखं आहे."

ही दाद मला आहे, असं समजून मी मान लववली. त्यातला नेमका अर्थ मला दोन सेकंदांनी कळला.

"मग पाणी कुठनं मुरतं? फोटोत काहीच नाही. म्हणजे फोटोत कळत नाही. म्हणजे सगळं उघडूनच बघायला हवं."

नाना गुडघ्यांवर बसले. पट्टीवर बोट ठेवून चालू लागले, एकेका गाठीने. एकशे एकतीसला बोट थांबलं. "इथं मागच्या फोटोच्या कडेला मूळ हाय. बघा, शेपूट दिसतंय. मागच्याला मूळ हाय तर पुढच्याला मूळ न्हाय. मूळ जाईल कुठं?"

ते केस म्हणजे मुळं होती. माझ्या स्टुडिओजवळचा, गेल्या वादळात कललेला उंबर, त्याची मुळं. काळी रेघ म्हणजे भेग. अख्ख्या आळीत एकच दोष होता आणि त्याला मी मेकअप केला होता.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. वर म्हटलं तो राग तेव्हाचा. नाक लाल झालं, छत्री मुठीत वळली, आणि मग ते साहेबांकडे वळून म्हणाले, "एक फोटो राहिला. राहिलेला उद्या आणतो."

माझ्यावर पांघरूण घातलं जात होतं आणि मी खुशाल त्याखाली शिरत होतो. अर्धा मिनिट शिरलो. मग म्हणालो, "राहिला नाही साहेब. मी पुसला. सवयीने."

साहेब हसले नाहीत. "मग या पट्टीवर मी विश्वास कसा ठेवू? जोडलेलं काही आणू नका. कच्चे फोटो आणा. उद्या अकरापर्यंत."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "नाना, उद्या दोरी मी ओढतो."

"सहाला ये."

"सकाळी?"

नाना छत्री ठोकत चालू लागले.

माझा स्टुडिओ आळीच्या तोंडाशी आहे, पण मी शेजारच्या आळीत राहतो आणि नऊच्या आत उठत नाही. सहा वाजताची आमची आळी मी जन्मात पाहिलेली नव्हती. मंगळवारी पाहिली. खाडीकडून ओलसर वारा येत होता, मशिदीवरची बांग होऊन गेली होती, आणि आळीच्या मधोमध नाना आणि काकू चालत होते.

काकू ढाप्यांवरून चालत होत्या. एका ढाप्यावर दोन्ही पाय आले की थांबायच्या. मग उजवा पाय पुढे जायला बघायचा आणि जायचा नाही. नाना त्यांना ओढत नव्हते. ते त्यांच्याबरोबर एक ढापा मागं यायचे आणि मग दोघं पुढं जायची. मागून आलेला पाय अडलेल्या जागेवरून आपसूक पलीकडे पडत होता.

"एकसष्ट झाले," नाना म्हणाले. "एकसष्ट झाले की आता..."

नाना वाट बघत उभे.

"बासष्ट," काकू म्हणाल्या.

मी छत्री नसलेल्या माणसासारखा पागोळीखाली भिंतीला चिकटून उभा होतो. काकूंना ओट्यावर बसवून नाना माझ्याकडे आले आणि पाटाची दोरी सोडवू लागले. मी काही विचारलं नाही, तरी सांगत गेले. पहिल्यांदाच मी त्यांचं बोलणं न हसता ऐकलं.

"शब्द आत हायत तिच्या. आत हायत पण सापडत न्हायत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मागचं थोडं हातात द्या. मागचं दिलं की पुढचा शब्द त्या काढतील. पायाचंही तसंच. रोज तीच वाट ठेवा, पाय ओळखतो." त्यांनी गाठ तपासली. "पहिल्यांदा तीन ढापे जायची. आता बासष्ट. उंबरापाशी तिची बैठक होती बायकांची, तिथवर जायचंय."

"आणि आळी खणली तर?"

"दिवाळीपर्यंत पाय विसरतो."

मी दोरी हातात घेतली. मग ज्याची मला धास्ती होती ते विचारलं. "म्हणजे तुम्ही असं बोलता ते... मी शिकवलं म्हणून नाही?"

"तू शिकवायच्या आधीपासून. तुझ्याकडे आलो तेव्हा वाटलं, चला, फोटोलाही हेच लागतं." ते हसले. "तिच्या एकटीशी असं बोललो की तिला राग यायचा. पोराला शिकवल्यासारखं वाटतं ना. मान फिरवून बसायची. म्हणून मग सगळ्यांशीच असं बोलतो. सगळ्यांशीच बोलतो म्हटल्यावर तिला वाटतं, म्हातारा असाच हाय."

मी दोन वर्षं त्या बोलण्यावर गाव हसवलं होतं. हळदीच्या मांडवात माझ्या तोंडून मागचं ऐकून त्या बाईने चारचौघांत पहिला शब्द काढला होता, आणि परत बोल म्हणून तिचा नवरा माझा हात धरून उभा राहिला होता, आणि मी कंडक्टरची नक्कल केली होती.

"पड पालथा," नाना म्हणाले. "दहा मोज. घाई करू नको, तुझे दहा सातात संपतात."

मी चेंबरच्या तोंडाशी पालथा पडलो. नाकात गटार, पाठीवर हळूहळू चढणारं ऊन, समोर अंधारात दोन टॉर्च घेऊन माझ्याकडे येणारा पाट. दोनशे वेळा दहा मोजले. नाना शेजारी बसून गाठी म्हणत होते.

फोटो मी उघडले ते माझा पुसणारा उजवा हात खिशात ठेवून, नाना पाठीशी उभे असताना. पोस्टकार्ड साइजचे प्रिंट काढले, एकशे वीस ते एकशे चाळीस. अकराला नानांनी ते साहेबांच्या टेबलावर हाताने मांडले, पत्ते मांडतात तसे, पण प्रत्येकाचा तिसरा हिस्सा मागच्यावर चढवून. उडू नयेत म्हणून वर साहेबांचेच पेपरवेट, स्टेपलर, चष्म्याचं घर. चार फोटोंतून मूळ सरळ चालत आलं. दोन फोटोंत भेग. साहेबांनी एक प्रिंट उचलला, खालचा पाहिला, परत ठेवला, पुढचा उचलला. असं चारदा.

"इथून इथपर्यंत," ते शेवटी म्हणाले.

"सहा हात," नाना म्हणाले. "सहा हात, उंबरासमोर. बाकीच्याला हात लावू नका."

बाकीच्याला हात लागला नाही. उंबरासमोर पाच ढापे उघडले, मूळ काढलं, भिंत बांधली आणि वर सिमेंटचे नवे ढापे बसवले. आठवड्याभरात काम झालं. जून उजाडायला अजून अवकाश होता.

मी परत एकदा सहाला उठलो. कोणी बोलावलं नव्हतं. स्टुडिओच्या पायरीवर बसलो आणि त्या दोघांना येताना पाहत राहिलो. उंबरापाशी काकू नव्या ढाप्यापुढे थांबल्या. तो पांढुरका होता, जुन्यांसारखा गुळगुळीत नव्हता. पाय त्याला ओळखत नव्हता. नाना त्यांना एक जुना ढापा मागं घेऊन आले. मग पुढं. पाय नव्यावर पडला. पुन्हा थांबल्या, आणि समोर मला पाहिलं. ओठ हलले, शब्द आला नाही.

मी उठून जवळ गेलो. नानांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली.

"काकू, मी पक्या," मी म्हणालो. "मी पक्या, फोटोवाला. फोटोवाला पक्या आज लवकर..."

आणि थांबलो. हळदीच्या मांडवात थांबलो होतो तसाच, पण या वेळी हसायला कोणी नव्हतं. मी मनात दहा मोजायला लागलो. सातावर संपू नयेत म्हणून सावकाश मोजले. नऊ झाले. दहा झाले. परत एकपासून धरले.

"उठला," काकू म्हणाल्या, आणि तोंडाचा डावा कोपरा वर गेला. दहा वाजता स्टुडिओचं शटर वर करणाऱ्या माणसाला त्या टोमणा मारत होत्या.

"उठला," नाना म्हणाले, "उठला तर आता त्याला दुसऱ्या बाजूला धरू दे." आणि आम्ही तिघं एक ढापा मागं आलो.